पाहुण्यांसाठीचा धडा

परंड्याच्या ज्युनियर कॉलेजात भागवत कोळेकर जीवशास्त्र शिकवायला लागले त्याला अठरा वर्षं झाली होती. सरांचा एक धडा कॉलेजात ठरलेला होता. तपासणीला कुणी आलं, संस्थेचं कुणी वर्ग बघायला बसलं, की सर चेतापेशीचा धडा काढायचे. धडा बारावीचा, पण पाहुणा अकरावीच्या वर्गात येऊन बसला तरी सर हाच शिकवायचे. पाहुण्याला त्याचं काही वाटत नसे, आणि मुलांनाही रोजच्यापेक्षा वेगळा तास मिळायचा.

धडा त्यांना तोंडपाठ होता. फळ्यावर दोन समांतर रेघा मारायच्या, हे पेशीचं पटल. त्यात मध्ये मध्ये फटी ठेवायच्या, ही चॅनेलं. बाहेर सोडियमचे आयन जास्त, आत पोटॅशियमचे जास्त. पायात काटा मोडला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो. लगेच पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो. ही उघडझाप मज्जातंतूवरून पुढं पुढं सरकत मेंदूपर्यंत जाते, आणि मग आपण म्हणतो, आई गं. इथं मुलं हसायची. मग सर आवाज खाली आणून शेवटचं सांगायचे, "आणि पोटॅशियमच्या दारातून पोटॅशियमच जाणार, सोडियम नाही. का? तर चॅनेल म्हणजे चाळण. ज्या मापाचं भोक, त्याच मापाचा दाणा." एवढं बोलून खडू खाली ठेवायचा. अठरा वर्षांत या वाक्यानंतर कुणी काही विचारलं नव्हतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये शिक्षण विभागाचे एक साहेब तपासणीला आले. ते आणि प्राचार्य अकरावी सायन्सच्या मागच्या बाकावर बसले. साहेबांच्या मांडीवर फाईल, हातात पेन. सरांनी धडा घेतला, चांगला रंगला. खडू खाली ठेवला, आणि तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

ती शाहीन होती. जैनोद्दीन पत्रेवाल्याची मुलगी. जैनोद्दीन आठवडी बाजारात चाळण्या, नरसाळी, डबे घेऊन बसायचा. ज्वारीची चाळण वेगळी, करडईची वेगळी, हरभऱ्याची वेगळी. मळणीयंत्राची जाळी फाटली तर सोनारीपासून अनाळ्यापर्यंतचे शेतकरी त्याच्याकडंच यायचे. सुट्टीच्या दिवशी शाहीन त्याच्या शेजारी बसून गिऱ्हाईक बघायची, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"सर, सोडियम मोठा का पोटॅशियम?" तिनं विचारलं.

"पोटॅशियम. आवर्तसारणीत खाली आहे ना तो," सर म्हणाले.

"मग मोठा दाणा ज्या भोकातनं पडतो, त्यातनं बारीक तर आधी पडायला पाहिजे. चाळणीत बारीक कधी वर ऱ्हात न्हाय, सर. मग हितं बारीकच कसा काय अडकतो?"

सर फळ्याकडं वळले, फळ्यावरच्या आपल्याच रेघांकडं त्यांनी पाहिलं. पोरगी बरोबर बोलत होती. इतकं सरळ होतं ते, की अठरा वर्षं आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचंच त्यांना क्षणभर नवल वाटलं. 'मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो,' एवढं वाक्य जिभेवर आलं होतं. पण मागं साहेबांनी मान वर केली होती, पेन थांबलं होतं, आणि प्राचार्य त्यांच्याकडंच बघत होते.

"शाहीन," सर म्हणाले, "हे विज्ञान आहे. तुझ्या अब्बाच्या बाजारातल्या चाळण्या नाहीत या. बस खाली."

वर्ग हसला. प्राचार्य हसले. साहेबही गालात हसले आणि त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. नंतर शेरा आला तेव्हा त्यात लिहिलं होतं : विषयावर प्रभुत्व, वर्गावर नियंत्रण.

शाहीन खाली बसली. तिनं मान खाली घातली नाही, रडलीही नाही. पुस्तक उघडलं आणि तास संपेपर्यंत एकाच पानाकडं बघत राहिली. पान काही उलटलं नाही, एवढं सरांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला 'चाळणवाली' म्हणायला लागली. सरांनी व्हरांड्यात ते दोन-तीनदा ऐकलं. एकदा तर अगदी शेजारून जाताना ऐकलं. थांबून त्या मुलांना दटावता आलं असतं. पण दटावायचं तर शब्द कुठून आला ते काढावं लागलं असतं, म्हणून सर मोबाईल कानाला लावून पुढं गेले. मोबाईलवर कुणी नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी नंदीश क्लार्क एक अर्ज घेऊन आला. शाखा बदलण्याचा. सायन्समधून आर्ट्सला. विद्यार्थिनीचं नाव शाहीन जैनोद्दीन. कारणाच्या रकान्यात रेखीव अक्षरात लिहिलं होतं : विज्ञान झेपत नाही.

"वर्गशिक्षक म्हणून तुमची सही लागती, सर," नंदीश म्हणाला.

पहिल्या चाचणीत तिला जीवशास्त्रात पंचवीसपैकी तेवीस होते. पेपर सरांनीच तपासला होता. तिला काय झेपत नव्हतं, हे त्या कॉलेजात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. पेन जरासुद्धा अडखळलं नाही. पुढं कितीतरी दिवस त्यांना सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटत राहिली, की सही नेहमीसारखी सुबक आली होती.

मुलगी वर्गातून गेली, पण प्रश्न गेला नाही. भाजी निवडताना, गाडीला किक मारताना तो येऊन समोर उभा राहायचा. बारीकच कसा अडकतो? सरांनी घरातली जुनी पुस्तकं काढली. त्यात 'निवडक पारगम्यता' एवढाच शब्द होता. शब्द मोठा होता आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं. आपण आजवर शब्दच शिकवत आलो, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तो विचार त्यांनी पुढं नेला नाही.

त्यांची मुलगी अक्षदा पुण्यात एम.एस्सी. करत होती. एका रविवारी सकाळी बोलता बोलता सरांनी सहज विचारल्यासारखं करून तिला विचारलं. पलीकडं अक्षदा एकदम खुलली.

"बाबा, चाळण नाहीच आहे ती. तिथंच सगळे फसतात. आयन पाण्यात एकटा फिरत नाही. पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी चिकटलेले असतात. चॅनेलच्या मधली जागा एवढी अरुंद असते, की तिथून जायचं तर ते पाणी बाहेर सोडून जावं लागतं. आणि पाणी सोडणं सोपं नाही, त्याला ऊर्जा लागते."

"बरं. मग पोटॅशियम कसा सोडतो?"

"त्या अरुंद जागेच्या भिंतीत ऑक्सिजनचे अणू ओळीनं बसलेले असतात. बरोबर इतक्या अंतरावर, की पोटॅशियम आत आला की पाण्याची जागा हे ऑक्सिजन घेतात. त्याला पाण्यात होता तसंच वाटतं. जेवढं सुटलं तेवढं मिळालं. आता सोडियम बघा. तो लहान. एका बाजूच्या ऑक्सिजनला टेकला तर दुसऱ्या बाजूचे लांब राहतात. त्याला सगळीकडून कुणी धरतच नाही. म्हणजे पाणी सोडलं तर तोटाच. म्हणून तो पाणी सोडत नाही, आणि पाण्यासकट त्या जागेत मावत नाही. हजारो पोटॅशियम जातात तेव्हा एखादा सोडियम जातो. तेही किती वेगानं, तर सेकंदाला कोटीच्या हिशोबात."

"आणि सोडियमचं दार?"

"ते वेगळं. ते जरा रुंद असतं, तिथं सोडियम थोडं पाणी अंगावर ठेवूनच जातो."

सर खुर्चीत बसूनच राहिले. लहान असल्यामुळंच तो अडकत होता. मोठ्याला जिथं सगळीकडून हात मिळत होता, तिथं लहानाला मिळत नव्हता. उत्तर इतकं सुंदर होतं, की त्यांना काही वेळ बाकीचं सगळं विसरायला झालं.

"बाबा, पण हा प्रश्न विचारला कुणी?" अक्षदा म्हणाली. "आमच्या वर्गात शिकवेपर्यंत कुणाच्या डोक्यात आला नव्हता. अकरावीतल्या कुणी विचारला असेल तर मला त्या पोराचा नंबर द्या."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुणी नाही गं," ते म्हणाले. "शिकवता शिकवता मलाच सुचला."

खोटं इतकं अलगद निघून गेलं, की ते आपण बोललो हेसुद्धा त्यांना फोन ठेवल्यावर जाणवलं.

दिवाळीनंतर धाराशिवला जिल्ह्यातल्या जीवशास्त्र शिक्षकांची कार्यशाळा होती. प्रत्येकानं दहा मिनिटं आपला एखादा अनुभव सांगायचा होता. सर उभे राहिले तेव्हा त्यांनी काही वेगळं ठरवलं नव्हतं. म्हणजे नंतर ते स्वतःला तसं सांगत राहिले. ते म्हणाले, "एकदा शिकवत असताना मला प्रश्न पडला. चाळणीत बारीक दाणा कधी वर राहत नाही. मग चॅनेलमध्ये बारीकच कसा अडकतो?" सभागृहात कुजबुज झाली. मग त्यांनी उत्तर सांगितलं, अक्षदानं सांगितलं तसंच, फळ्यावर चित्र काढून. नळदुर्गच्या एक वयस्कर बाई उठून म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं शिकवतेय मी, मला हा प्रश्न पडला नाही. सरांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे." टाळ्या वाजल्या. परतीच्या एसटीत सर खिडकीपाशी बसले होते आणि खरं सांगायचं तर त्यांना फार आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी पेपरात जिल्ह्याच्या पानावर फोटो आला. मथळा होता : 'बारीकच कसा अडकतो?' परंड्याच्या शिक्षकाचा अनोखा प्रश्न.

त्या आठवड्यात कॉलेज सुटताना जैनोद्दीन फाटकापाशी उभा दिसला. हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून आला होता. पेपराचं कात्रण त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं.

"सलाम सर," तो म्हणाला. "म्हनलं, तुमाला भेटून मुबारक म्हनावं. मला वाचता येत न्हाय. शाहीनकडनं वाचून घेतलं. दोनदा वाचाय लावलं मी तिला. चाळनीचं लिवलंय त्यात, म्हनून लई बरं वाटलं."

शाहीननं ते वाचलं होतं. स्वतःच्या तोंडानं, बापाला, दोनदा.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

"म्हनली, सर चांगलं शिकिवतेत." जैनोद्दीननं कात्रणाची घडी पुन्हा नीट पिशवीत घातली. "सर, एक काम हुतं. पोरगी सायन्स सोडून बसली. का, तर झेपंना म्हनती. दुसरं काय सांगंना झाली. तिची आई इचारून दमली. तुमी येकदा घरला येऊन तिला समजावता का? तुमचं ऐकंल ती."

सर येतो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. किल्ल्याच्या अंगाच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, पुढच्या ओट्यावर पत्र्याचं काम. जैनोद्दीननं सामान बाजूला सारून खुर्ची पुसून दिली. फातिमाबींनी, शाहीनच्या आईनं, चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. शाहीन आतल्या दारात येऊन उभी राहिली. तिनं ओढणी नीट केली, "सलाम, सर," म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही.

येताना सरांनी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. मुलगी हुशार आहे, अजून वेळ गेलेली नाही, मी प्राचार्यांशी बोलतो. इतकं बोलून उठायचं. पण जैनोद्दीन खाली पोत्यावर बसून त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होता, ती नजर त्यांना सोसवेना.

"जैनोद्दीनभाई, पेपरातला प्रश्न माझा नाही," ते म्हणाले. "शाहीनचा आहे. तिनं वर्गात विचारला होता. मला उत्तर येत नव्हतं. पाहुणे बसले होते. मी तिला म्हणालो, हे विज्ञान आहे, तुझ्या अब्बाच्या बाजारातल्या चाळण्या नाहीत. पोरं हसली. त्याच्यामुळं तिनं सायन्स सोडलं. तिला झेपत नव्हतं असं काही नाही."

बोलून झालं. त्यांना वाटलं होतं, जैनोद्दीन चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"सगळी हसली?" जैनोद्दीननं विचारलं.

"हो."

"ते मोठं सायब बी?"

"हो."

जैनोद्दीन आपल्या हातांकडं बघत बसला. बोटांवर पत्र्याच्या जुन्या कापांचे पांढरे वण होते. तो म्हणाला, "चाळन्याच हायेत, सर, आमच्या. तुमी काय खोटं न्हाय बोलला." मग गुडघ्यावर हात टेकून उठला. "चहा घ्या, गार व्हतोय," म्हणाला आणि मागच्या अंगाला निघून गेला. मागं पाण्याचा आवाज आला. तो हात धूत होता, की नुसतंच पाणी सोडून उभा होता, कुणास ठाऊक.

शाहीन दारातून दोन पावलं पुढं आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"सर, तीन महिने मी ही गोष्ट घरात येऊ दिली न्हाय. मैत्रिणींना घरी येऊ दिलं न्हाय, बाजारात त्यांच्याशेजारी बसायचं बंद केलं, अभ्यास हाय म्हणून सांगितलं. अब्बांना कळू नये एवढ्यासाठीच. तुम्ही एका चहात सांगून टाकलं."

"मला वाटलं, खरं सांगावं."

"तुम्हाला हलकं वाटलं असंल," ती म्हणाली. "आता ते उद्या बाजारात बसतील, अन् कॉलेजातलं कुणी समोरनं गेलं की त्यांना वाटंल, ह्यो हसला हुता का."

समजूत घालायला आलेला माणूस आणखी एक घाव घालून बसला होता, तोही ज्याचा काही संबंध नव्हता त्याच्यावर. गुन्हा वर्गात झाला होता, आणि कबुली त्यांनी अशा ठिकाणी दिली जिथं हसणारं कुणी नव्हतं, ऐकून मान खाली घालणारं तेवढं होतं.

"शाहीन, माझं चुकलं," ते म्हणाले. "आता मी काय करू, सांग."

"माफी वर्गात मागा. हसले तिथं," ती म्हणाली. "पण मी तिथं नसताना. मला कुणी वळून बघायला नको."

"आणि त्या प्रश्नाचं उत्तर... तुला सांगायचं होतं."

"ते मला कळलंय, सर. पेपरात होतं." मग ती भिंतीकडं बघत म्हणाली, "दाण्याचे शब्दसुद्धा माझेच होते. दुसऱ्यांदा वाचताना अब्बा म्हणले, बघ, किती सोपं सांगितलंय."

सरांनी चहा घेतला नाही. उठले तेव्हा फातिमाबी दाराआडून म्हणाल्या, "चहा तर घेऊन जायचा हुता." त्या सगळं ऐकत उभ्या होत्या. सर तसेच ओट्यावरून उतरले. गाडी सुरू व्हायला चार किका लागल्या, आणि तेवढा वेळ पाठीमागं घरातली तीनही माणसं हा आवाज ऐकतायत, हे त्यांना कळत होतं.

सोमवारी ते अकरावी सायन्सच्या वर्गात गेले. हजेरी घेतली. फळ्यावर काही लिहिलं नाही. ऑगस्टमध्ये या वर्गात काय झालं ते त्यांनी सांगितलं, आपण काय बोललो तो शब्दही पुन्हा उच्चारला, कारण तो गाळला तर माफी अर्धीच झाली असती. "प्रश्न शाहीनचा होता. मला उत्तर येत नव्हतं. ते झाकायला मी तिच्या वडिलांच्या धंद्यावर बोललो. नंतर तोच प्रश्न माझा म्हणून धाराशिवला सांगितला. पेपरात आलं ते खोटं आहे." मुलं बाकाकडं बघत होती. दुसऱ्या बाकावरच्या शिवराजनं हळूच विचारलं, "सर, म्हणजे आमच्या आधीच्यांना पण चुकीचंच शिकवलं?"

"हो," सर म्हणाले. "अठरा बॅचना."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांना वाटलं, हसली असती तर सोपं गेलं असतं.

तास संपल्यावर त्यांनी प्राचार्यांकडं अर्ज दिला. शाहीनला पुन्हा सायन्सला घ्यावं. कारण : वर्गशिक्षकानं भर वर्गात केलेला अपमान, आधीच्या अर्जातलं कारण खरं नसताना वर्गशिक्षकानं सही केली. प्राचार्यांनी तो वाचून टेबलावर ठेवला.

"कोळेकर, असं लेखी देतं का कुणी? 'वैयक्तिक कारण' लिहा. पोरीचं काम होतंय, तुमचंही झाकलं जातंय."

"झाकायचं नाही, सर."

"तुमच्या सेवापुस्तकाला लागेल हे. आणि त्या दिवशी मीही होतो मागं बसलेला," प्राचार्य म्हणाले. "हसलो होतो. ते लिहिलं नाहीत ना?"

"ते तुमचं तुम्ही लिहा," सर म्हणाले. इतक्या वर्षांत प्राचार्यांना ते असं कधी बोलले नव्हते. प्राचार्यांनी लिहिलं नाही. पण अर्ज होता तसा मंजूर केला. संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलं होतं. सर आत गेले की बोलणं थांबायचं, पाण्याचं भांडं कुणीतरी उगाच भरायला घ्यायचं. कार्यशाळा भरवणाऱ्यांना त्यांनी पत्र पाठवलं, पेपरालाही पाठवलं. कार्यशाळेकडून 'नोंद घेतली' असं एका ओळीचं उत्तर आलं. पेपरात काही आलं नाही. फोटो ज्यांनी पाहिला होता, त्यांच्यासाठी प्रश्न सरांचाच राहिला, आणि ते निस्तरायचं कसं, हे त्यांना कधी सापडलं नाही.

अक्षदाला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मलासुद्धा खोटं सांगितलंत." मग म्हणाली, "तिचा नंबर द्या. तिला चालणार असेल तर. आधी विचारा." सरांनी उलट अक्षदाचाच नंबर नंदीशच्या हातून शाहीनकडं पाठवला. स्वतः द्यायची त्यांची हिंमत झाली नाही.

शाहीन पंधरा दिवसांनी सायन्सला परत आली. पण फॉर्मवर तिनं जीवशास्त्र घेतलं नाही. भौतिक, रसायन, गणित घेतलं, आणि चौथा विषय भूगोल. जीवशास्त्राच्या तासाला ती वाचनालयात बसायची. तिसऱ्या बाकावर आता दुसरीच मुलगी बसत होती. सरांना वाटलं होतं, ती परत आली की आपण तो धडा तिच्यासमोर नीट शिकवू. तेवढं तिनं त्यांना दिलं नाही, आणि मागण्याचा हक्क आपल्याला आहे, असंही त्यांना वाटलं नाही. बाजारात जैनोद्दीन पहिल्यासारखाच बसत होता. समोरून सर गेले की तो सलाम करायचा, पण हातातलं काम थांबवून नाही. सर दुसऱ्या बाजूनं जाऊ लागले. मग तेही त्यांना पळपुटेपणाचं वाटलं, आणि ते पुन्हा समोरूनच जाऊ लागले.

संक्रांतीला अक्षदा घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. सरांनी दार उघडलं. शाहीन उभी होती, हातात वही.

"अक्षदाताई हायेत का?" तिनं विचारलं.

"आहे. ये ना," सर म्हणाले आणि बाजूला झाले. ती त्यांच्या अंगावरून सरळ आत गेली.

दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या. फोनवर त्यांचं बरंच बोलणं होत असावं, कारण सुरुवात मधूनच झाली. काही वेळानं सरांनी स्वतः चहा केला. ते ट्रे घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेले तेव्हा आतून शाहीनचा आवाज येत होता. भराभर, मोकळा. "मग ताई, समजा ते ऑक्सिजन जरा जवळ आणले, तर सोडियमला पण धरतील का?" अक्षदा म्हणत होती, "थांब, यावर तर लोकांनी कायकाय करून बघितलंय."

सर आत गेले आणि बोलणं थांबलं. शाहीननं वही जवळ ओढून घेतली, मुद्दाम नव्हे, ट्रेला जागा करायला. "ठेवा तिथंच, सर," ती म्हणाली. सौम्यपणानंच म्हणाली.

त्यांनी कप ठेवले. या प्रश्नाचंही उत्तर त्यांना येत नव्हतं, आणि ऐकायची फार इच्छा होती. पण दोघी ते जाण्याची वाट बघत होत्या. सर बाहेर आले. दार लोटायचं की उघडं ठेवायचं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ते लोटून घेतलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले.